जुनी ठासणीची बंदूक पाहायची असेल, तर आधी तिचा कान बघा

संग्रहालयाच्या शस्त्रदालनात गर्दी असते ती तलवारींपाशी. बंदुका बहुतेक वेळा भिंतीवर आडव्या टांगलेल्या, एकीखाली एक, आणि पाटीवर फक्त ‘बंदूक, अठरावे शतक’. एवढ्यावरून नवख्याने काय समजून घ्यायचं? मग नजर जाते चांदीच्या तारकामाकडे, हस्तिदंताच्या नक्षीकडे, आणि दोन मिनिटांत माणूस पुढच्या दालनात पोचतो. नक्षी जरूर बघा, पण शेवटी. नक्षीवरून मालकाची ऐपत कळते. बंदूक चालायची कशी, पावसात तिचं काय व्हायचं, ती गावच्या लोहाराच्या हातची की विलायती, हे कळतं ते नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या एका बारीक भोकावरून आणि त्याच्या आसपासच्या जुळणीवरून. या भोकाला कान म्हणतात. माघार घेताना तोफा मागे टाकाव्या लागल्या तर त्यांच्या कानात मेख ठोकून त्या निकामी करत. बंदुकीचंही मर्म तिथेच आहे.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. आधी दारू, मग गोळी, आणि गजाने दोन्ही तळापर्यंत ठासायची. नळीचं मागचं टोक बंद असतं. मागून उघडणारी, काडतूस घालायची बंदूक सैन्यात सर्रास आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीची साडेतीन-चारशे वर्षं राज्य केलं ते ठासणीच्या बंदुकीने. कोकणात ती इतिहासजमाही झालेली नाही. रानडुकरं आणि माकडांपासून पीक राखायला शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगणारी घरं सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आजही आहेत आणि निवडणूक आली की त्या अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. हा लेख मात्र चालवण्यासाठी नाही, पाहण्यासाठी आहे. संग्रहालयात जाणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची एखादी बंदूक पडून आहे त्यांच्यासाठीही.

पहिली पायरी: ठिणगी कुठून येते ते शोधा

बंदुकीची उजवी बाजू दिसेल असे उभे राहा. कान जवळजवळ नेहमी उजव्या अंगाला असतो. आता तीनपैकी काय दिसतं ते पाहा.

कानाला लागून लहानशी वाटी आहे, वाटीवर सरकणारं झाकण आहे, आणि दस्त्यातल्या फटीतून दुबेळकं असलेला लोखंडी हात वर आला आहे? मग ही तोडेदार बंदूक. त्या दुबेळक्यात जळती जामगी, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची वात, अडकवलेली असे. चाप ओढला की हात वाटीत झुकायचा, वाटीतली रंजक, म्हणजे बारीक दारू, पेटायची आणि कानातून आग आतल्या दारूपर्यंत जायची. यात ना कमान (स्प्रिंग) लागते ना गार, म्हणजे ठिणगी पाडणारा दगड. चापापासून हातापर्यंतची सगळी जुळणी दस्त्याच्या पोटात लपलेली असते, म्हणून बाहेरून बंदूक अगदी सडपातळ दिसते. चापही बघण्यासारखा असतो. पुष्कळदा तो पानाच्या आकाराचा, जाळीदार असतो आणि त्याच्याभोवती संरक्षक कडी नसते.

हाताऐवजी बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टीवर बसवलेला घोडा दिसतो, घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा (नसला तरी त्याची जागा) आहे, आणि समोर वाटीवर उभी पोलादी पट्टी आहे? ही चकमकीची बंदूक. गार पोलादावर आपटते, ठिणग्या पडतात आणि त्याच झटक्यात पट्टी मागे सरून वाटी उघडते. यात मजबूत कमान लागते, आणि कमान करणं सोपं नव्हे.

वाटीच नाही, तिच्या जागी उभी पोकळ नळकांडी आहे आणि तिच्यावर आपटणारा जाड तोंडाचा घोडा आहे? ही टोपीची बंदूक. नळकांडीवर तांब्याची छोटी टोपी बसवायची, तिच्यात आघाताने पेटणारं रसायन असतं. असं रसायन वापरण्याची कल्पना अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची, १८०७ च्या पेटंटची. तांब्याच्या टोप्या त्यानंतर काही वर्षांनी आल्या आणि ब्रिटिश सैन्याने ही पद्धत १८४० च्या सुमारास स्वीकारली. वारा-पावसाची धास्ती बरीच कमी झाली ती इथपासून.

नवखे इथे एका ठिकाणी फसतात. चकमकीच्या अनेक बंदुका नंतर टोपीच्या करून घेतल्या गेल्या. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर बुजवलेली भोकं किंवा बिनकामाचे खाचे दिसले, तर ती बंदूक दोन जन्म जगलेली आहे. पाटीवर तसं लिहिलेलं क्वचितच सापडतं.

तोडेदार म्हणजे जुनी आणि चकमकीची म्हणजे नंतरची, असा हिशेब युरोपात बऱ्यापैकी चालतो. आपल्याकडे नाही. हिंदुस्थानात तोडेदार बंदुका एकोणिसाव्या शतकातही बनत आणि वापरात होत्या. याला अडाणीपणा म्हणण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. तोडेदार बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शकतो. तिला चांगल्या गारेची गरज नाही. कमान मोडण्याची भीती नाही, कारण कमानच नाही. चाप हळू दाबला जातो, समोर काही आपटत नाही, त्यामुळे नेम हलत नाही. कोकणातले हेटकरी शिपाई नेमबाज म्हणून नावाजले गेले ते तोडेदार बंदुकीच्याच काळात. चकमकीचं खरं बळ दिसायचं ते कवायती पलटणीत, जिथे शेकडो लोक खांद्याला खांदा लावून एका हुकमावर बार काढत. जळत्या वाती घेतलेली माणसं एवढी चिकटून उभी करणं म्हणजे शेजाऱ्याच्या दारूला आग लावणं. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी लढल्या त्या या नव्या कवायती पद्धतीने.

दुसरी पायरी: नळी

नळी पाहताना तोंडाकडून सुरुवात करा. देशी नळीचं तोंड बहुधा थोडं फुगवलेलं असतं, काही वेळा वाघाच्या किंवा मकराच्या जबड्यासारखं घडवलेलं. मागचं टोकही जाड, कारण स्फोट तिथेच होतो. मधली नळी गोल, चौकोनी किंवा अष्टकोनी. तोंडाजवळचा बारीक उंचवटा म्हणजे माशी. तिच्या रेषेत मागे खाच असलेली पट्टी असेल तर ही बंदूक नेम धरून मारण्यासाठी केलेली आहे.

प्रकाश तिरका पडत असेल तर पृष्ठभागावर नागमोडी रेषा दिसतात का ते बघा. लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळत नेऊन, कडा एकमेकींवर चढवून, तापवून ठोकून सांधायची, ही नळी घडवण्याची पद्धत. अकबराच्या कारखान्यातलं हे काम अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लिहून ठेवलं आहे. सरळ पट्टी लांबीत वळवून सांधलेल्या नळीत एकच लांब सांधा राहतो आणि ती तिथेच फाटते. तिरक्या गुंडाळीत जोर सगळीकडे वाटला जातो. लोहाराचं खरं कसब इथे आहे, तारकामात नव्हे.

गोव्याचा उल्लेख इथे हवाच. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि तीनच वर्षांनी त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क आपल्या राजाला गोव्याच्या कारागिरांनी केलेल्या बंदुकांची तारीफ कळवतो. बंदूक पोर्तुगीजांनी शिकवली आणि आपण शिकलो, एवढी सोपी ही गोष्ट नाही.

तिसरी पायरी: दस्ता, आणि नळी त्याला कशी धरली आहे

इथे फार वेळ घालवू नका. उत्तर हिंदुस्थानी आणि दख्खनी तोडेदार बंदुकीचा दस्ता सहसा सरळ, अरुंद आणि पैलूदार असतो. विलायती बंदुकीसारखा खांद्याला टेकणारा रुंद तळवा त्याला नसतो. कर्नाटकातल्या कोडगूकडच्या (कूर्ग) बंदुकांचा दस्ता मात्र झटकन ओळखू येतो, कारण तो खाली झोकदार वळलेला असतो. नळी दस्त्याला चामड्याच्या वादीने, तारेने किंवा धातूच्या कड्यांनी आवळलेली असते. वादी ढिली दिसली म्हणून बंदूक मोडकी समजू नका. वादी बदलायचीच वस्तू होती.

चौथी पायरी: साज शोधा

एकटी बंदूक म्हणजे निम्मीच वस्तू. तिच्याबरोबर शिपायाच्या कमरेला आणि खांद्याला जे लटकत असे, ते पाहिल्याशिवाय तिचा वापर डोळ्यांसमोर येत नाही. दुर्दैवाने संग्रहालयात हा साज पुष्कळदा भलत्याच कपाटात असतो. शिंगं ‘हस्तकला’मध्ये, शिंपल्याचं काम ‘सजावटी वस्तूं’मध्ये, पिशव्या कुठे तर चामड्याच्या वस्तूंत. म्हणून शस्त्रदालनाबाहेरही डोळे उघडे ठेवा. हे शोधायचं:

बारूददान. मोठ्या दारूचं भांडं, ज्यातून नळीत ओतायची दारू घ्यायची. साधं असेल तर म्हशीचं किंवा हरणाचं शिंग, पोकळ लाकूड, किंवा शिवलेलं कातडं. श्रीमंती असेल तर पितळ, चांदी, शिंपल्याचं जडावकाम. काही बारूददानं समुद्री शंखाच्या आकाराची असतात, काही खऱ्या शंखाचीच. तोंडाला नळकांडी आहे का बघा. पुष्कळ ठिकाणी ती मापाचंही काम करते: बोटाने टोक दाबून उलटं करायचं, नळकांडीत मावेल तेवढीच दारू एका बाराला. मोजमाप डोळ्यांवर सोडणं परवडणारं नव्हतं. दारू कमी पडली तर गोळी पायाशी पडते, जास्त झाली तर नळी फाटते.

रंजकदान. हे बारूददानापेक्षा बरंच लहान असतं, आणि नवखे याला अत्तरदाणी समजून पुढे जातात. यात रंजक, म्हणजे अगदी बारीक, चटकन पेटणारी दारू. तिची चिमूट वाटीत टाकायची. मुघल काळातली हस्तिदंती रंजकदानं जगभर नावाजलेली आहेत. एकमेकांत गुंतलेली हरणं, पक्षी, शिकारी प्राणी, आणि टोकाला कमानीवर उघडणारं छोटं झाकण. एका हाताने झाकण दाबायचं, चिमूट सांडायची, सोडलं की बंद. दुसऱ्या हातात बंदूक असते, म्हणून ही युक्ती.

जामगीची गुंडाळी. सूत टिकत नाही, त्यामुळे अस्सल जामगी फार कमी ठिकाणी दिसते. पण दस्त्याला कडं असेल किंवा जुन्या चित्रातल्या शिपायाच्या हाताभोवती दोरी गुंडाळलेली दिसली, तर ती हीच. ती सतत थोडी थोडी जळत राहते आणि पुढे सरकवावी लागते. रात्री तिचं लाल टोक आणि वास शत्रूला ठावठिकाणा सांगतो.

सळई. कान काजळीने बुजतो. तो साफ करायला बारीक लोखंडी सळई लागते. देशी बंदुकीत ती साखळीने दस्त्याला बांधलेली आणि दस्त्यातल्याच भोकात खोचलेली असते. साखळी आहे आणि सळई नाही, असं बऱ्याचदा आढळतं.

गोळ्यांची पिशवी आणि साचा. साचा चिमट्यासारखा, दोन पाकळ्या मिटल्या की आत गोल पोकळी. शिपाई शिसं वितळवून आपल्या नळीच्या मापाच्या गोळ्या स्वतः ओतत. एकाच गावातल्या दोन बंदुकांची मापं वेगळी असत, त्यामुळे दुसऱ्याची गोळी उपयोगाची नसायची. गोळी नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित लहानच ओततात, कारण काही बारांनंतर नळीत काजळी साठते आणि नेमकी गोळी मध्येच अडकते.

तोसदान. हे पलटणी शिपायाचं. चामड्याचा पट्टा, त्याला पेटी, पेटीत कागदी पुड्या. एका पुडीत एका बाराची मोजलेली दारू आणि गोळी. पुडी दातांनी फाडायची, चिमूट वाटीत, उरलेली दारू नळीत, मग गोळी कागदासकट ठासायची. तोसदान दिसलं की समजा, ही बंदूक फौजेतली आहे, शिकाऱ्याची नव्हे. १८५७ मध्ये एनफिल्ड रायफलीच्या पुड्यांना लावलेल्या चरबीवरून जो भडका उडाला, त्या पुड्या याच प्रकारच्या. आणि एनफिल्डसुद्धा ठासणीचीच होती, हे अनेकांच्या लक्षात नसतं.

गज. नळीखाली दस्त्यात खोवलेला. लाकडी असेल तर बहुतेक वेळा नंतरचा, लोखंडी असेल तर कदाचित मूळचा. टोकाला आटे किंवा भोक असेल तर तिथे चिंधी बांधून नळी पुसत, किंवा आत अडकलेला बोळा ओढून काढत.

पाचवी पायरी: बार मनातल्या मनात भरून बघा

आता बंदुकीसमोर उभं राहून क्रम जुळवा. जामगी दूर धरायची, कारण हातात उघडी दारू आहे. बारूददानातून माप, नळीत ओत. बोळा, गोळी, गज काढ, ठास, गज परत खोच. वाटीचं झाकण उघड, रंजकदानातून चिमूट, झाकण बंद. सांडलेली रंजक फुंकून टाक. मग जामगी दुबेळक्यात अडकव, टोकाची राख फुंक, झाकण उघड, नेम, चाप. यात एक जरी पायरी चुकली तर नुसती रंजक जळून जायची आणि समोरून घोडेस्वार येत असायचा.

हे करून पाहिलं की काही गोष्टी आपोआप कळतात. बंदूकवाल्याच्या जवळ भालेकरी का लागत. कवायती पलटणी मिनिटाला दोन-तीन बार काढत तेव्हा लोकांना त्यांचं एवढं नवल का वाटे. आणि पावसाळ्यात मोहिमा का थांबत, याचं एक कारणही. उघडी वाटी, जळतं सूत आणि ओल ओढून घेणारी दारू, सगळ्यांचा शत्रू पाणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूकोठाराबद्दल सूचना आहेत: कोठार राहत्या घरापासून दूर असावं, ओल लागू देऊ नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण बाहेर काढून उन्हं देऊन पुन्हा मोहोरबंद करावं. सह्याद्रीत राहिलेल्या माणसानेच लिहावं असं ते आहे.

सहावी पायरी: खुणा, आणि खोट्या खुणा

विलायती बंदुकीत घोड्याखालची पट्टी वाचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी चार भागांत विभागलेलं बदामाच्या आकाराचं चिन्ह आणि त्यात कंपनीची आद्याक्षरं असत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह येतो. कंपनीच्या फौजेच्या ठरीव बंदुकीची नळी ३९ इंच लांब आणि पाऊण इंच रुंद भोकाची. आत आटे नाहीत, गुळगुळीत. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डला मात्र आतून तीन आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम लागतो. १८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम आतून गुळगुळीत बंदुका दिल्या गेल्या. अविश्वास लोखंडात उतरलेला पाहायचा असेल तर ही बंदूक पाहा.

टिपू सुलतानच्या बंदुका एकदा पाहिल्या की विसरत नाहीत: वाघाचे पट्टे, वाघाची तोंडं, आणि टिपूने स्वतः सुरू केलेल्या कालगणनेतली वर्षं.

जुन्या बाजारात ‘पेशवेकालीन’ म्हणून विकायला ठेवलेल्या बंदुकांबद्दल मी मुळातच संशयी आहे. कान आरपार पाडलेलाच नाही, वाटीत जळल्याचा मागमूस नाही, सगळे स्क्रू एकसारखे यंत्रातले, गंज सगळीकडे एकाच रंगाचा, पितळी पत्रा ठोकून झाकलेला दस्ता: यातलं दोन-तीन दिसलं तर ती दिवाणखान्याची शोभा आहे, इतिहास नव्हे. कंपनीची चिन्हं खैबरकडच्या कारागिरांनीही हुबेहूब उठवली आहेत. कधी कधी अक्षर उलटं पडतं आणि चोरी पकडली जाते.

घरात अशी बंदूक निघाली तर

हात लावण्याआधी ती भरलेली आहे असंच धरून चाला. जुन्या ठासणीच्या बंदुका दशकानुदशकं भरलेल्या स्थितीत सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर तिला वयाची पर्वा नसते. घोडा ओढून बघू नका, तोंडात डोकावू नका, तापवू नका, आत खुपसून काही उकरू नका. मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि पोलीस ठाण्याला कळवा. बार काढणं हे जाणकाराचंच काम आहे.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, आणि दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशा शस्त्रांना सूट आहे. आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे मात्र आपण घरबसल्या ठरवायचं नाही. ते जिल्हा प्रशासनाकडून लेखी घ्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष आणि कलासंपत्ती कायदा १९७२ लागू होतो, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या भावाला ‘आठवण म्हणून’ पाठवायचा विचार असेल तर तो सोडा.

सांभाळायची कशी? जितकं कमी कराल तितकं बरं. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, पॉलिश पेपर, यातलं काहीही वापरू नका. चकाकी येते आणि तारकाम, खुणा, कारागिराचं नाव निघून जातं. हातमोजे घालून उचला, कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल धरते. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका. लाकडावर तेल चोपडू नका. त्याआधी मात्र सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती कुणाची, कुठून आली हे लिहून ठेवा. बंदुकीबरोबर एखादं शिंग, पिशवी, चिमट्यासारखं काही निघालं तर ते भंगारात जाऊ देऊ नका. बंदूक लोक जपतात, साचा आणि सळई टाकून देतात.

कुठे बघायच्या

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून सुरुवात करा. शस्त्रांबरोबर रोजच्या वापरातल्या वस्तूही तिथे असल्याने साज ओळखायची सवय लागते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन, कोल्हापुरात नवा राजवाडा, साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. हैदराबादला गेलात तर सालारजंग, जोधपूरला गेलात तर मेहरानगड. बारूददानांसाठी मेहरानगडला तोड नाही. लंडनमध्ये राहणाऱ्यांना वॉलेस कलेक्शन आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट जवळ आहेत, लीड्सला रॉयल आर्मरीज.

जाताना लहान टॉर्च घेऊ नका, बहुतेक ठिकाणी परवानगी नसते आणि काचेवर उजेड परतून काही दिसतही नाही. वही-पेन्सिल न्या. प्रत्येक बंदुकीची उजवी बाजू काढा, कानापासून सुरुवात करून, वाकडीतिकडी आली तरी चालेल. भिंतीवर बंदूक डाव्या अंगाने टांगलेली असेल तर तिथल्या अभिरक्षकांना नम्रपणे विचारा. साठवणीच्या खोलीतली दुसरी एखादी दाखवायला ते पुष्कळदा तयार असतात, विशेषतः तुम्ही नक्षीऐवजी कानाबद्दल विचारलंत तर.